मानेतली धमनी उसवली: गोळ्या कशासाठी आणि ढोल कधी?

पत्र

माझे मिस्टर ४१ वर्षांचे, बीपी-शुगर काही नाही. आम्ही कोथरूडला राहतो. जूनच्या सुरुवातीला सलूनमध्ये केस कापून झाल्यावर त्यांनी डोक्याची मालिश करून घेतली आणि शेवटी त्या माणसाने नेहमीप्रमाणे मान दोन्हीकडे कडकन मोडली. रात्रीपासून उजवीकडे मान आणि कानामागचा भाग ठणकायला लागला. आम्ही उशी बदलली, बाम लावला, शेक दिला. सहाव्या दिवशी पहाटे उठले ते गरगरतच. उलट्या, उचक्या, आवाज घोगरा, पाणी प्यायले की ठसका, चालताना उजवीकडे झोक. आधी पित्ताचे इंजेक्शन दिले गेले. संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलात नेले, तिथे सीटी नॉर्मल. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) उजव्या बाजूला स्ट्रोक निघाला. अँजिओग्राफीच्या रिपोर्टात ‘उजव्या व्हर्टिब्रल आर्टरीच्या व्ही३ भागात डिसेक्शन, ४ मिमीचा डिसेक्टिंग अ‍ॅन्युरिझम’ असे आहे. आता तीन आठवडे झाले, घरी आहेत. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. अ‍ॅन्युरिझम म्हणजे फुटणारा फुगा, असे नेटवर वाचले. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या कशा? स्टेंट घालायला हवा का? सीटी नॉर्मल कसा आला? डाव्या हाताला अजून गरम-गार कळत नाही. हे ढोल पथकात आहेत, सराव सुरू झालाय, गणपतीत वाजवायचे म्हणतात. सासूबाईंचा आग्रह आहे की मान बसवणाऱ्या एका माणसाला दाखवू या. आणि आमच्या मुलाला हे होईल का?

उत्तर

गोळ्या बंद करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी. आणि मान बसवणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका, कितीही नावाजलेला असला तरी.

आता रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. तुमची भीती ‘अ‍ॅन्युरिझम’ या शब्दावर अडकली आहे, पण त्या ओळीत जास्त महत्त्वाचं आहे ते ‘व्ही३’. व्हर्टिब्रल धमन्या दोन, डावी आणि उजवी. खांद्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतून त्या निघतात, मानेच्या सहाव्या मणक्याच्या बाजूच्या छिद्रात शिरतात आणि एकेका मणक्याच्या छिद्रातून वर चढत पहिल्या मणक्यापर्यंत जातात. तिथे मागच्या बाजूला वळसा घेऊन कवटीत शिरतात आणि पुढे एकमेकींना मिळून बॅसिलर धमनी होते. डॉक्टर या वाटेचे चार टप्पे करतात. मणक्यात शिरेपर्यंत व्ही१, छिद्रांमधला व्ही२, वरच्या मणक्यांपाशी वळसा घेणारा व्ही३ आणि मेंदूच्या आवरणाच्या आतला व्ही४. म्हणजे तुमच्या मिस्टरांची फाटलेली जागा कवटीच्या बाहेर आहे, मानेत. या एका गोष्टीवर पुढचं सगळं ठरतं: गोळ्या कोणत्या, स्टेंट लागेल की नाही, फुटायची भीती किती.

फाटलं, म्हणजे रिपोर्टातलं ‘डिसेक्शन’, म्हणजे नेमकं काय झालं? धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. कोटाच्या बाहीचं अस्तर उसवलं की हात बाहीतून न जाता अस्तर आणि कापड यांच्या मध्येच घुसतो, तसं रक्त आतल्या थराच्या चिरेतून भिंतीत शिरतं. तिथे साचलेलं रक्त आतल्या बाजूला फुगलं, तर मूळ वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंद होते. बाहेरच्या बाजूला फुगलं, तर फुगवटा तयार होतो. तोच डिसेक्टिंग अ‍ॅन्युरिझम. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

स्ट्रोक मात्र बहुतेक वेळा त्या फुगवट्यामुळे होत नाही. उसवलेल्या खडबडीत जागेवर रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून वर जातो. तुमच्या घरी बहुधा हेच झालं. धमनी फाटली पहिल्या दिवशी, गुठळी वर गेली सहाव्या दिवशी. मधले पाच दिवस फक्त मान दुखत होती. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. या गोळ्या रक्त ‘पातळ’ करत नाहीत, रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणजे त्या खडबडीत जागेवर नवी गुठळी धरत नाही. मानेतल्या या फुगवट्याभोवती स्नायू आणि हाड आहे, धमनीचा बाहेरचा थर तिथे जाड असतो. असा फुगवटा फुटणं फार दुर्मीळ. पुष्कळदा तो तसाच राहतो किंवा लहान होतो, आणि वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही.

नेटवर तुम्ही जे वाचलं, ते कवटीच्या आतल्या अ‍ॅन्युरिझमबद्दल. व्ही४मध्ये हेच फाटलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. मेंदूच्या आवरणाच्या आत शिरल्यावर धमनीचा बाहेरचा थर पातळ होतो, बाहेरचा लवचीक पडदा जवळजवळ नसतोच, आणि भोवती फक्त पाणी असतं. तिथे भिंत बाहेरच्या बाजूला फाटली, तर रक्त मेंदूभोवती पसरतं. त्याला सबअ‍ॅरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात, आणि असा फुटलेला फुगवटा पहिल्या २४ तासांतच पुन्हा फुटायची भीती सर्वांत जास्त. तिथे गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कॅथलॅबमध्ये (धमनीतून नळी घालून उपचार करायच्या खोलीत) कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, किंवा स्टेंट घालून ती जागा बंद करायचा प्रयत्न होतो. आतली धमनी फाटूनही न फुटता नुसता स्ट्रोक झालेले रुग्ण असतात, त्यांना गोळ्या देतात, पण जास्त सावधपणे आणि लवकर लवकर स्कॅन करून. म्हणून पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना हा एकच प्रश्न थेट विचारा: ‘फाटलेली जागा व्ही३मध्येच संपते का, की व्ही४मध्ये आत गेली आहे?’ डिसेक्शन वरपर्यंत सरकलेलं असू शकतं, आणि रिपोर्टात कधी कधी फक्त सुरुवातीची जागा लिहिलेली असते. आत गेलं असेल तर गोळ्या आणि पुढचा स्कॅन यांचा त्यांनी पुन्हा विचार करायला हवा.

स्टेंट. मानेतल्या डिसेक्शनला तो क्वचितच लागतो. गोळ्या नीट चालू असूनही पुन्हा स्ट्रोक झाला, फुगवटा वाढत गेला, किंवा दुसरी व्हर्टिब्रल जन्मतः बारीक असल्यामुळे मेंदूच्या मागच्या भागाला रक्तच पुरत नसेल, तर विचार होतो. यातलं तुमच्या पत्रात काही दिसत नाही. ताज्या फाटलेल्या भिंतीतून तार आणि स्टेंट नेणं हे स्वतःच जोखमीचं काम. ‘घालून टाकू या, एकदाचं मिटेल’ असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं मत जरूर घ्या. त्यांच्याकडे जाताना फिल्मपेक्षा सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या. स्कॅनचे सगळे फोटो त्यात असतात, फिल्मवर निवडक.

गोळ्या किती दिवस? मानेतल्या डिसेक्शनला साधारण ३ ते ६ महिने, मग स्कॅन बघून निर्णय. दोन्ही गोळ्या एकत्र सहसा सुरुवातीचे तीन आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत देतात, नंतर एकच चालू ठेवतात. तुमचे तीन आठवडे आत्ताच होत आहेत, म्हणून क्लोपिडोग्रेल थांबवायची की चालू ठेवायची, हे या आठवड्यात फोन करून विचारा. डिस्चार्ज कार्डवर तारीख नसली, की घरचे दोन्ही गोळ्या वर्षभर देत राहतात, नाहीतर औषधं संपली म्हणून दोन्ही बंद करतात. दोन्ही वाईट.

कुणाला प्लेटलेटच्या गोळ्या आणि कुणाला वॉर्फरिनसारखी जास्त जोराची औषधं, हा वाद जुना आहे. २०१५ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅडिस या अभ्यासात २५० रुग्णांना दोन गटांत विभागलं होतं. तीन महिन्यांत स्ट्रोक झाले प्लेटलेटच्या गोळ्यांच्या गटात तीन, दुसऱ्या गटात एक. इतक्या कमी आकड्यांवरून फरक सिद्ध होत नाही. २०२१च्या ट्रीट-कॅड या अभ्यासात अ‍ॅस्पिरिन वॉर्फरिनच्या जातीच्या औषधांइतकीच चांगली आहे, हे सिद्ध करता आलं नाही. म्हणून वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळं लिहून देतात आणि त्यात कुणी चुकीचं नसतं. शेजारच्या कुणाला ‘आयएनआर’ची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी) रक्ततपासणी करत दुसरी गोळी दिली होती, म्हणून तुमची बदलू नका.

दोन्ही गोळ्या चालू असताना मान दुखली, तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांपैकी काही मेडिकलमधून परस्पर आणू नका. पोटातून रक्तस्राव होतो, आणि आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचं काम बिघडवतं. पॅरासिटॅमॉल चालेल, लिव्हर ठीक असेल तर ५०० ते १००० मिलिग्रॅम एका वेळी, दिवसात ३ ग्रॅमच्या वर नाही. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटॅमॉल असतं, ते मोजायला विसरू नका. पित्तासाठी घरात ओमेप्राझोल पडलेलं असतं. ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं, पँटोप्राझोल बरं. शौच काळं, डांबरासारखं झालं तर लगेच डॉक्टरांकडे न्या. दात काढायचा असला, तरी डेंटिस्टच्या सांगण्यावरून गोळी बंद न करता आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

सीटी नॉर्मल आला यात नवल नाही, आणि हॉस्पिटलची चूक असेलच असंही नाही. साधा सीटी मेंदूतलं ताजं रक्त लगेच दाखवतो, पण रक्तपुरवठा बंद पडून झालेला स्ट्रोक पहिल्या काही तासांत त्यात सहसा दिसत नाही. त्यातून ब्रेनस्टेमभोवती कवटीचं हाड इतकं जाड, की त्याच्या सावल्यांनी चित्र बिघडतं. सीटी करतात तो रक्तस्राव नाही ना, हे बघायला. एमआरआयमधली डिफ्यूजन तपासणी, जी ताजा स्ट्रोक दाखवते, तीसुद्धा ब्रेनस्टेमच्या छोट्या स्ट्रोकमध्ये पहिल्या दिवशी कोरी येऊ शकते. मान दुखते आणि वर गरगरतंय, अशा रुग्णाला त्याच टेबलावर मानेपासून डोक्यापर्यंतची सीटी अँजिओग्राफी केली, तर धमनी तरी दिसते. भिंतीत साचलेलं रक्त नेमकं दाखवायला एमआरआयमध्ये मानेचे आडवे, चरबी दाबलेले टी१ फोटो काढावे लागतात. त्यात धमनीभोवती पांढरी चंद्रकोर दिसते, पण तीही पहिले दोन-तीन दिवस स्पष्ट नसते.

लक्षणं बघूनही ओळखता येतं. तुमच्या मिस्टरांना झालं त्याला लॅटरल मेड्युलरी स्ट्रोक म्हणतात. गरगरणं, उलट्या, न थांबणाऱ्या उचक्या, घोगरा आवाज, ठसका, एका बाजूला झोक. हातपायांची ताकद मात्र जवळजवळ तशीच. हात पडला नाही, तोंड वाकडं झालं नाही, म्हणून ‘पित्त’ किंवा ‘कानाचं’ असं समजून रुग्ण घरी पाठवला जातो. कानाच्या चक्करेत माणूस भिंत धरून का होईना, चालतो. आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, बसल्या जागी एका बाजूला कलंडत असेल, तर कान सोडा, मेंदू बघा.

गरम-गार न कळणं. उजव्या बाजूच्या या स्ट्रोकमध्ये उजव्या चेहऱ्याची आणि डाव्या अंगाची दुखणं-गरम-गार कळण्याची जाणीव जाते, कारण अंगाकडून येणाऱ्या नसा तिथे पोचायच्या आधीच बाजू बदलून आलेल्या असतात. डावा हात चालतो, बोटं हलतात, स्पर्शही कळतो, म्हणून तो सुरक्षित आहे असं वाटतं. पण गीझरचं पाणी त्याला कोमट लागेल आणि तो भाजेल. आंघोळीचं पाणी उजव्या हाताने बघायचं, डाव्या पायावर थेट तांब्या ओतायचा नाही. चहाचा कप डाव्या हातात धरू नये. गरम पाण्याची पिशवी डाव्या अंगाला नको, आणि मानेला तर कुठल्याही बाजूने नको. झोपायच्या आधी डावा तळपाय आरशात बघा, फोड-कापलेलं लक्षात येत नाही. ही जाणीव पुष्कळांची हळूहळू सुधारते, काहींची थोडी कायम राहते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच भागात आग, जळजळ सुरू झाली तर ‘आता काय नवीन’ म्हणून घाबरू नका, पण सोसतही बसू नका. त्यावर प्रेगाबालिन, गाबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी औषधं आहेत. ती डॉक्टरच लिहून देतील.

गिळणं हा सध्या घरातला सर्वांत मोठा धोका, आणि तुमच्या प्रश्नांत तो नाहीच. ठसका लागतो तेव्हा पाणी श्वासनलिकेकडे जात असतं. ते फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. ठसका न लागताही जाऊ शकतं. जेवल्यावर आवाज ओला, गुरगुरल्यासारखा येणं ही त्याची खूण. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, त्यांना एकदा दाखवाच. तोवर जेवताना पाठ ताठ, पाय जमिनीवर, टीव्ही बंद, एक घास पूर्ण गिळला की दुसरा. पातळ पदार्थ सर्वांत घातक: पाणी, ताक, चहा, वरणाचं वरचं पाणी. घट्ट पेज, गुरगुट्या भात, मऊ शिरा, घोटलेली खिचडी, दही हे सोपं जातं. सुके पोहे, चुरमुरे, शेव, भाकरीचा कोरडा तुकडा नको, तोंडात भुगा होऊन घशात सुटा पडतो. स्ट्रॉ नको. जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहायचं. काही थेरपिस्ट एका बाजूला मान वळवून गिळायला शिकवतात. एरवी ती युक्ती चांगली आहे, पण यांची धमनी मानेतच फाटली आहे, हे त्यांना आधी सांगा. ताप, खोकला, दम किंवा घास उतरेनासा झाला तर त्याच दिवशी दाखवा. काही आठवड्यांत बहुतेकांचं गिळणं बरंच सुधारतं. उचक्या अजून असतील, तर साखर, श्वास रोखणं वगैरे सोडून औषध मागा, बॅक्लोफेनसारखं.

सलूनने केलं का? खात्रीने कुणी सांगू शकत नाही. मान झटक्याने फिरवली की पहिला आणि दुसरा मणका एकमेकांवर फिरतात. मानेचं जवळजवळ अर्धं वळणं त्याच सांध्यात होतं, आणि व्ही३चा वळसा नेमका तिथेच आहे. धमनी ताणली जाते. मान मोडल्यानंतर डिसेक्शन झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. १९९३ साली अमेरिकेत सलूनच्या बेसिनवर मान मागे टेकवून केस धुतल्यावर स्ट्रोक झालेल्या पाच बायकांची नोंद डॉक्टरांनी छापली होती. पण उलटही घडतं: धमनी आधीच फाटायला लागलेली असते, मान दुखते, म्हणूनच माणूस मान मोडून घ्यायला जातो. शिवाय जोराची शिंक, गाडी रिव्हर्स घेताना वळणं, दोनदा-चारदा उलटी, असल्या साध्या गोष्टींनीही फाटल्याच्या नोंदी आहेत, आणि काहीही न करतासुद्धा. अंगदुखीचा ताप नुकताच होऊन गेलेला असेल किंवा मायग्रेन असेल तर शक्यता थोडी वाढते. त्यामुळे त्या न्हाव्याशी भांडायला जाऊ नका, पण पुढच्या वेळी खुर्चीत बसायच्या आधीच सांगा: मानेला हात नाही, बेसिनवर मान मागे नाही, केस पुढे वाकून धुवायचे किंवा घरी.

सासूबाईंनाही हेच सांगायचं, पण त्यांना नकाराबरोबर काम द्या. बीपीचं यंत्र आणा, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. सकाळी आणि संध्याकाळी पाच मिनिटं शांत बसवून दोन-दोन वेळा मोजायचं आणि वहीत लिहायचं. स्ट्रोकनंतर थोड्या दिवसांनी साधारण १३०/८०च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. ती वही डॉक्टरांना खरी उपयोगी पडते; ‘हॉस्पिटलात बीपी वाढलं होतं’ यापेक्षा कितीतरी.

मानेवर काय करायचं नाही, याची यादी मोठी आहे आणि थोडी कंटाळवाणी. मालिश, तेल चोळणं, फिजिओथेरपीतलं मानेचं ट्रॅक्शन (मान ताणणं), कुणीही मान मोडणं हे कायमचं बंद. फिजिओथेरपी झोक सावरायला आणि तोल मिळवायला हवीच, फक्त फिजिओथेरपिस्टना रिपोर्ट दाखवूनच. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नको. जोराचं कपालभाती आत्ता नको. सिलिंडर, पाण्याचा कॅन, बॅगा उचलून वर ठेवणं नको. शौचाला जोर लावू नये, इसबगोल द्या. मऊ कॉलर दिवसभर लावून ठेवायची गरज नसते. चालणं चांगलं, पहिल्यांदा सोबत कुणीतरी, उजव्या बाजूला. गाडी चालवणं डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बंद. चक्कर किंवा एकाचं दोन दिसणं चालू असेल, तर प्रश्नच नाही. स्कूटरवर मागे बसून सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून जाण्यापेक्षा रिक्षा घ्या. पुढे दुचाकी सुरू केल्यावर मानेला भार होतो म्हणून हेल्मेट टाळू नका.

ढोल. यंदा नाही. कमरेला बांधलेला ढोल, मागे झुकलेली पाठ, प्रत्येक ठोक्याला मानेला बसणारा हिसका आणि मिरवणुकीत तासन्‌तास उभं राहणं हे सगळं फाटलेल्या भिंतीला नको आहे. ‘मग ताशा घेतो, हलका आहे’ असं ते म्हणतील. ताशाचा पट्टा गळ्यात असतो, म्हणजे भार सरळ मानेवर. तो ढोलापेक्षा वाईट. ध्वज तर नकोच. सरावाला जाऊन खुर्चीवर बसायला, नव्या पोरांचा हात बघायला हरकत नाही. पुढच्या वर्षीचा निर्णय तीन ते सहा महिन्यांनंतरच्या अँजिओग्राफीवर. बहुतेकांची अरुंद झालेली वाट तोवर उघडलेली असते. भिंत भरून आलेली दिसली, तोल परतलेला असला आणि न्यूरॉलॉजिस्टनी हो म्हटलं, तर पुढच्या सरावाला थोड्या वेळापासून सुरुवात करता येईल. स्कॅनमध्ये फुगवटा तसाच दिसला, तरी त्याचा अर्थ ‘बरं झालं नाही’ असा घेऊ नका. पहिली तपासणी सीटी अँजिओने झाली असेल, तर दुसरीही शक्यतो त्याच पद्धतीने, त्याच सेंटरला करा, म्हणजे मिलिमीटरची तुलना खरी होते. रंगद्रव्याच्या इंजेक्शनआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासतील, तो रिपोर्ट आधीच काढून ठेवा.

पुन्हा होईल का? डिसेक्शननंतरचे बहुतेक स्ट्रोक पहिल्या दोन आठवड्यांत होतात, आणि ते तुम्ही ओलांडले आहेत. दुसरी एखादी धमनी फाटण्याची शक्यताही पहिल्या महिन्यात जास्त, पुढे बरीच कमी. तरी ही लक्षणं पाठ ठेवा: अचानक आयुष्यातलं सर्वांत जोराचं डोकं दुखणं, एकाचं दोन दिसणं, बोलणं अडखळणं, नवी अशक्तता, गुंगी, मान दुसऱ्या बाजूला नव्याने ठणकणं, एका डोळ्याची पापणी नव्याने खाली येणं किंवा कानात नाडीसारखा सूं सूं आवाज. शेवटची दोन पुढच्या कॅरोटिड धमनीच्या फाटण्याची असू शकतात. यातलं काहीही झालं की १०८ लावा आणि ‘शेवटी ठीक कधी होते’ ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात, नळीने गुठळी काढणं निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. स्कॅन व्हायच्या आधी घरात जादा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर उलटं होईल. रात्रंदिवस सीटी अँजिओ आणि कॅथलॅब चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल आजच नक्की करा. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः विसर्जनाला, शहराच्या मध्यातले रस्ते बंद असतात. कोथरूडहून तो भाग टाळून जायची वाट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, तिथे रेशनकार्ड घेऊन विचारा.

मुलाला होईल का? बहुतेक घरांत हे वारशाने येत नाही, त्याचा स्कॅन करायची गरज नाही. मात्र मिस्टरांची कातडी इतकी पातळ आहे का, की खालच्या शिरा दिसतात? हलक्या धक्क्याने मोठे काळेनिळे डाग पडतात का? बोटांचे सांधे विचित्र वाकतात का? घरात कुणाची महाधमनी फुटून कमी वयात अचानक मृत्यू झाला आहे का? यातलं काही असेल, किंवा यांचं बीपी वाढलेलं निघालं, तर डॉक्टरांना सांगा. तेव्हा जोडऊतींचे काही दुर्मीळ आजार आणि किडनीच्या धमन्यांमधला दोष तपासावा लागतो, आणि मुलाचा विचार त्या निकालानंतर.